माझा माल मला दाखवा

अर्जाच्या सातव्या पानावर, अगदी तळाशी, दोन चौकोन होते. पहिल्यापुढे लिहिलं होतं, 'मी माझा माल स्वतः ताब्यात घेईन.' दुसऱ्यापुढे लिहिलं होतं, 'माझ्या वतीने माल विकून रोख रक्कम माझ्या खात्यात जमा करावी.' ती बिनव्याजी अर्थसंस्था सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत पहिल्या चौकोनाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गुंजभाऊंनी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, तर चष्मा कपाळावर चढवून आणि कागद नाकाशी नेऊन दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढून त्या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण केली.

समोर बसलेल्या अधिकारी बाईंच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"काका, चुकून वरच्या चौकोनात खूण झाली."

"चुकून? बाई, मी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. मी चुकून शिंकतसुद्धा नाही."

यात अतिशयोक्ती फार नव्हती. गुंजभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीच्या काळात एका सोनाराशी एका गुंजेच्या फरकावरून त्यांनी अशी काही हुज्जत घातली की सोनार आजारी पडला आणि गावभर हे नाव त्यांना चिकटलं. त्यांनाही ते मनातून आवडायचं. माणसाला आपल्या कामावरून नाव पडावं याहून मोठा सत्कार तो कोणता, असं ते म्हणत. सोनाराचं मत कोणी विचारलं नाही.

आता असा माणूस त्या संस्थेत गेलाच कशाला, तर त्याला कारण होतं छत. गुंजभाऊ तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहत. वरच्या गच्चीतून पाणी झिरपून झिरपून आतल्या खोलीच्या छताला पोपडे धरले होते. एका सकाळी गिलाव्याचा परातीएवढा तुकडा सुटला आणि धाडकन पलंगावर येऊन पडला. पलंगावर कोणी नव्हतं हे नशीब. पण पंचवीस दिवसांनी असणार होतं, कारण मुलगी दीड महिन्याच्या बाळाला घेऊन राहायला येणार होती आणि पाळणा त्याच पलंगाशेजारी ठेवायचा ठरला होता.

गुंजभाऊंनी तो तुकडा आधी उचलून तोलला. चार किलो आठशे ग्रॅम भरला. आकडा त्यांनी दोनदा वाचला. एवढं वजन आणि खाली दीड महिन्याचं बाळ! छताचं काय करायचं, असं बायकोने विचारलं. "मी बघतो," ते म्हणाले. गवंडी आला, त्याने वर पाहिलं, चार ठिकाणी काठी आपटून अजून थोडं छत खाली पाडलं आणि गच्चीसकट सगळ्याचे दोन लाख नव्वद हजार सांगितले. निम्मे आगाऊ, तेही येत्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर तो दुसरं काम धरणार होता.

पैसे नव्हते असं नाही. पैसे बँकेत होते आणि बँकच नव्हती. म्हणजे इमारत होती, संगमरवरी पायऱ्या होत्या, दारावरचं पितळी नाव लखलखत होतं, पण तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी तिचं शटर जे खाली आलं ते वर गेलं नाही. बँकेने लोकांच्या ठेवी कुठल्याशा कंपनीच्या कागदांत गुंतवल्या होत्या, त्या कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या कागदांत, आणि तिसऱ्या ठिकाणी नुसते कागदच होते. गुंजभाऊंना खरा धक्का पैशाचा बसला नाही, या शेवटच्या गोष्टीचा बसला. ज्या माणसाने आयुष्यभर मिठाच्या पुडीखालीसुद्धा काटा धरला, त्याने आपली आख्खी पुंजी कधी तोलूनच पाहिली नव्हती! "आमचं दोघांचंही गेलं," असं ते भेटेल त्याला खोल आवाजात सांगत. बायकोने शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं नोकरी केली होती आणि तिचं खातंही त्याच बँकेत होतं.

सल्ले अर्थातच फुकट मिळत होते. समोरच्या बिऱ्हाडाने सोनं मोडा म्हटलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने छताला खालून जाड प्लास्टिक बांधा, पडेल ते त्यात पडेल, असा स्वस्त उपाय सुचवला. कामाचं बोलला तो एकटा खालच्या मजल्यावरचा टेलरमास्टर.

टेलरमास्टरचं घर बरोबर गुंजभाऊंच्या घराखाली. म्हणजे यांची जमीन ते त्याचं छत. वीस वर्षांचा शेजार. गुंजभाऊंनी त्याची मोजपट्टी तीनदा तपासली होती आणि तीनदा बरोबर निघाली होती, म्हणून त्यांच्या मनात त्याच्याबद्दल आदर होता.

"मी व्याजाला शिवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे," मास्टर दोऱ्याला गाठ मारत म्हणाला. "आमच्या धर्मात पैशाने पैसा पैदा करायला बंदी आहे. मध्ये काहीतरी पाहिजे. माल पाहिजे, नाहीतर मेहनत पाहिजे. माझं दुसरं मशीन त्या संस्थेने आधी स्वतः विकत घेतलं, मग स्वतःचा नफा उघड सांगून मला हप्त्यांनी विकलं. हप्ता उशिरा गेला तरी किंमत एका पैशाने वाढली नाही. बँका बुडल्या तेव्हा त्यांचं काय झालं माहितीय?"

"काय झालं?"

"काही नाही झालं. तिथे काही नुसत्या हवेवर उभं नव्हतं. प्रत्येक व्यवहाराखाली खरा माल."

'खरा माल' हे दोन शब्द गुंजभाऊंच्या कानात अत्तरासारखे गेले. दुसऱ्या दिवशी दहाला ते संस्थेच्या दारात हजर होते.

तिथे संगमरवर नव्हता. दोन पंखे, सहा टेबलं आणि भिंतीवर धर्मशास्त्राच्या सल्लागार मंडळाचं प्रमाणपत्र. अधिकारी बाई हुशार होत्या आणि त्यांनी फार छान समजावलं. मशीन किंवा गाडी असती तर संस्थेने सरळ तीच घेऊन विकली असती. पण छताची दुरुस्ती म्हणजे निम्म्याहून जास्त मजुरी, आणि गवंड्याला रोख लागते. तेव्हा अशा वेळी संस्था आपल्याकडचं अ‍ॅल्युमिनियम गिऱ्हाइकाला हप्त्यांनी विकते. गिऱ्हाईक ते बाहेरच्या व्यापाऱ्याला रोखीने विकतं. रोख हातात, हप्ते चालू, व्याज कुठेच नाही.

"दीड टन अ‍ॅल्युमिनियम, काका. पंचवीस किलोची एक, अशा साठ लगडी. चोवीस हप्त्यांत तीन लाख चोवीस हजार. विकून तुम्हाला तीन लाखांच्या आसपास मिळतील. इथे सही केलीत की माल तुमचा."

"माझा म्हणजे खरोखर माझा?"

"खरोखर तुमचा. तेच तर आमचं वैशिष्ट्य."

"मग मला तो दाखवा."

बाई हसल्या. गुंजभाऊ हसले नाहीत. आणि मग त्यांना सातव्या पानावर तो चौकोन दिसला.

बाईंनी अर्धा तास समजूत घातली. गोदामातून आणायचा ट्रक तुमच्या खर्चाने, म्हणाल्या. चालेल, म्हणाले. ठेवणार कुठे? घरात. विकणार कोणाला? बाजारात. बाईंनी व्यवस्थापकांना फोन लावला. व्यवस्थापकांनी आधी हा चौकोन अर्जात असल्याचं नाकारलं, मग अर्ज काढून बघितला. शेवटी म्हणाले की नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. गुंजभाऊ घरी आले ते एखादा किल्ला जिंकल्यासारखे.

"मिळाले का पैसे?" बायकोने विचारलं.

"त्याहून भक्कम गोष्ट मिळाली," ते म्हणाले. बिचारीला वाटलं चेक.

बुधवारी सकाळी नऊ वाजता ट्रक आला. चौघा हमालांनी मागचं फळकूट उघडलं आणि साठ लगडी उन्हात अशा चमकल्या की समोरच्या बिऱ्हाडाने घाईघाईने खिडकीचे पडदे ओढले. लिफ्टमध्ये पाटी होती, '४ माणसे, २७२ किलो'. गुंजभाऊंनी हिशेब करून खेपेला दहा लगडी भरल्या, म्हणजे अडीचशे किलो, बावीस किलो शिल्लक. हिशेब चोख होता. फक्त लिफ्टला तो मान्य नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती एकदा कण्हली आणि दहा लगडी पोटात घेऊन तिथेच थांबली. उरलेल्या पन्नास हमालांनी जिन्याने नेल्या आणि दर मजल्याला मजुरी वाढवली.

बायको दारात उभी होती. तिने आधी एक लगड पाहिली, मग दुसरी, मग दहावी. 

"अहो," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही पैसे आणायला गेला होता."

"हे पैसेच आहेत. नुसते भक्कम रूपात आहेत."

"गवंडी हे घेणार आहे का?"

उत्तरादाखल गुंजभाऊंनी काटा काढला. निवृत्तीनंतर घरी आणलेला तो मोठा लोखंडी काटा त्यांचा जीव की प्राण होता. दिवाणखान्यात मांडी घालून त्यांनी एकेक लगड तोलली आणि वहीत नोंदली. दुपारी दोनपर्यंत लिफ्टमधल्या दहासुद्धा सोडवून आणून तोलून झाल्या. बेरीज आली दीड हजार किलो तीनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम जास्त! चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माल कमी भरलेला हजारदा पाहिला होता, जास्त भरलेला एकदाही नाही. ते इतके हादरले की त्यांनी तीनशे ग्रॅम परत कसे करावेत याबद्दल संस्थेला तिथल्या तिथे एक पत्र लिहायला घेतलं.

पत्र अर्धं झालं आणि टेलरमास्टर वर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि केसांत चुना होता.

"गुंजभाऊ, तुमच्या घरात काय चाललंय? माझ्या छतातून आवाज येतोय. कडकड असा."

"माल आलाय," गुंजभाऊ अभिमानाने म्हणाले. "खरा माल. तुम्हीच सांगितलं होतं ना!"

मास्टरने दिवाणखान्यातला तो रुपेरी ढिगारा पाहिला आणि दाराची चौकट धरली. "मी हे सांगितलं होतं?" तो स्वतःशीच म्हणाला. "अहो, हा माल घरी आणायचा नसतो!"

"मग खरा कशावरून?"

 इतकी वर्षं त्या संस्थेशी व्यवहार करून हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, याचं मास्टरला वाईट वाटलेलं दिसलं. दोघांनी मिळून ढिगारा मोडला आणि लगडी चारी भिंतींच्या कडेने एकेरी रांगेत मांडल्या, म्हणजे भार विभागला जाईल. मास्टरचं छत गप्प झालं. मात्र आता घरात कुठूनही कुठे जायचं तर अ‍ॅल्युमिनियम ओलांडून जावं लागे, आणि बायको दर वेळी ओलांडताना एकदा त्यांच्याकडे बघे. ते बघणं काट्यावर घालता आलं असतं तर काटा मोडला असता.

संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीची पहिली नोटीस फलकावर लागली. निवासी इमारतीत धातूची साठवणूक, लिफ्टचे नुकसान, आणि जिन्यात 'अज्ञात इसमांनी घाम टाकल्याबद्दल' साफसफाईचा खर्च.

गुरुवारी गुंजभाऊ माल विकायला बाहेर पडले. धातूचे तीन व्यापारी होते. पहिल्याने व्यापाराचा परवाना मागितला. दुसऱ्याने भाव विचारून मान हलवली. त्याचेही पैसे त्याच बंद बँकेत अडकले होते. तिसऱ्याने गुंजभाऊंना ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी त्याची वजनं जप्त झाली होती. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि किलोला साठ रुपये भाव दिला. बाजारभाव दोनशेच्या वर होता. भंगारवाला तर घरी येऊन एकशे दहा म्हणाला, वर विचारलं, "काका, माल चोरीचा तर नाही ना?" गुंजभाऊंनी त्याला जिना दाखवला.

दुपारी दार वाजलं. दारात वजनमाप खात्याचा सध्याचा निरीक्षक उभा होता. एके काळी तो गुंजभाऊंच्या हाताखाली शिकला होता. त्याने आधी वाकून नमस्कार केला.

"साहेब, सेक्रेटरींची तक्रार आली म्हणून यावं लागलं. घरात माल तोलून विकतात असं लिहिलंय." त्याची नजर काट्यावर गेली आणि तिथेच खिळली. तो खाली बसला, काट्याची बाजू पुसली, पुन्हा पाहिली. "साहेब... यावर या वर्षीचा शिक्का नाही."



"नाही कसा?" गुंजभाऊ ओरडले. त्यांनी स्वतः पाहिलं. शिक्का नव्हता. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांत त्यांनी काटा तपासून घेतलाच नव्हता. जगातले सगळे काटे तपासले पाहिजेत हे त्यांना माहीत होतं, स्वतःचा त्यात धरायचा असतो हे ध्यानातच आलं नव्हतं. शिष्याने पावती फाडली. गुंजभाऊंनी दंड भरला आणि पावतीवरची तारीख चुकली होती ती सुधारून दिली. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे बायकोला दाराबाहेरूनही कळलं.

काट्याला सील लागलं. आणि शुक्रवार उजाडला.

गवंड्याचा सकाळी आठलाच फोन आला. पैसे असतील तर आज, नाहीतर राम राम. गुंजभाऊंनी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली, फोन ठेवला आणि चहाचा कप एका लगडीवर ठेवून तसेच बसून राहिले. छताचे पोपडे दिसत होते. खाली पाळणा असणार होता. बँकेने फसवलं तेव्हा निदान सगळं गाव बरोबर फसलं होतं. आज मात्र ते एकटेच मूर्ख ठरत होते, तेही बायकोसमोर, आणि ते त्यांना काही केल्या सोसवेना.

अकरा वाजता संस्थेच्या अधिकारी बाई धापा टाकत तीन जिने चढून आल्या. लिफ्ट अजून बंद होती.

"काका, तुमचा माल विकला का?"

"नाही."

"देवाची कृपा!" म्हणत बाई एका लगडीवर बसल्या आणि लगेच उठल्या, कारण ती थंडगार होती. "काका, आमच्या गोदामात एकूण चौसष्ट लगडी होत्या. साठ तुम्ही आणल्यात."

"मग?"

"मग चारच उरल्या ना! अहो, आमचे सगळे रोखीचे व्यवहार त्याच चौसष्टांवर चालतात. सकाळी एकाला विकल्या, त्याने व्यापाऱ्याला विकल्या, व्यापाऱ्याकडून दुपारी आम्ही परत घेतल्या, संध्याकाळी दुसऱ्याला. गोदामातून काही हलतच नाही. बुधवारपासून आम्ही दोनच माणसांना पैसे देऊ शकलो. एकाला चष्म्यासाठी, एकाला बूट घ्यायला. बाहेर बावन्न माणसं बसलीत. पुरवठादार म्हणतो, नवा माल आठ दिवसांनी."

गुंजभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे आपल्या दिवाणखान्यात एका संस्थेचा सगळा कारभार भिंतीला टेकून उभा होता!

"मग तुम्हीच घ्या परत," ते आनंदाने म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

"तेच तर करायला आले होते. पण व्यवस्थापक म्हणाले, आधी मुफ्तीसाहेबांना विचारा."

मुफ्तीसाहेब म्हणजे सल्लागार मंडळाचे प्रमुख, ऐंशीच्या घरातले. ते मागून एकेक पायरी चढत येत होते, आणि त्यांना हात द्यायला टेलरमास्टर. दारात येऊन त्यांनी चप्पल काढली, आत पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. मग ते सावकाश भिंतीच्या कडेने चालत गेले. प्रत्येक लगडीवर हात ठेवून ते पुटपुटत मोजत होते. साठाव्या लगडीवर त्यांनी हात तसाच ठेवला.

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "दर वर्षी मी यांना विचारतो, माल हलतो ना? दर वर्षी म्हणतात, हलतो. आज कळलं की कागदच हलत होता." त्यांनी बाईंकडे असं पाहिलं की बाई लगडींच्या रांगेमागे सरकल्या. मग ते गुंजभाऊंकडे वळले. "अकरा वर्षांत हा नियम खरा मानणारा एकच माणूस निघाला, आणि तो माझ्या धर्माचाही नाही!"

 चार दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी गुंजभाऊंना शहाणं म्हटलं होतं.

"मग यांच्याकडून माल परत घेऊ ना आम्ही?" बाईंनी हळूच विचारलं.

"मुळीच नाही," मुफ्तीसाहेब शांतपणे म्हणाले. "ज्याला उधारीवर विकला त्याच्याकडूनच रोखीने परत घ्यायचा, म्हणजे माल नुसता बुरखा झाला. त्याआडून पैसे देऊन जास्त पैसे घेतले, हेच झालं. ते व्याजच. हराम. यांचा माल तुमच्याशिवाय जगात कोणीही घ्यावा."

गुंजभाऊ मटकन खाली बसले. माल होता, गरजू होता, पैसे होते, ट्रकसुद्धा खाली उभा होता. आणि ज्याला माल हवा तो एकटाच तो घेऊ शकत नव्हता!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. चहाचे कप तिने दोन लगडींवर नीट बसवले.

"मुफ्तीसाहेब, एक विचारू? जगात कोणीही म्हणजे कोणीही?"

"कोणीही, ताई."

"बायकोसुद्धा?"

मुफ्तीसाहेबांनी कप उचलला होता तो तसाच धरला. "बायकोची मालमत्ता बायकोची. नवऱ्याचा त्यावर काडीचा हक्क नाही. पैसे तिचे असतील तर ती परकीच."

"पैसे माझेच आहेत." ती गुंजभाऊंकडे वळली. "किलोला एकशे नव्वद देते. रोख."

"अगं, कुठले पैसे?" गुंजभाऊ म्हणाले. "आपले पैसे बँकेत..."

"काकू!" अधिकारी बाई एकदम ओरडल्या. "तुम्ही त्या ग्रंथालयाच्या काकू! तुमचं खातं आमच्याकडे आहे की, गेल्या वर्षीपासून!"

गुंजभाऊंच्या हातातली पेन्सिल पडली. ती गडगडत एका लगडीला जाऊन थडकली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग टेलरमास्टरकडे पाहिलं. मास्टर छताचे पोपडे फार बारकाईने न्याहाळू लागला.

"मास्टर! तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनींनी विश्वासाने सांगितलं होतं," मास्टर छतालाच म्हणाला. "विश्वासाची गोष्ट कशी फोडणार?"

मुफ्तीसाहेबांनी हात वर केला. "थांबा. एक गोष्ट पाहिली पाहिजे. हा सौदा नवरा-बायकोने आधी संगनमताने ठरवला असेल तर तोही चालायचा नाही. ठरवला होता का?"

 मुफ्तीसाहेबांनी गुंजभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याचा जबडा लोंबत होता, चष्मा एका कानावरून सुटला होता आणि डोळे बुबुळांसकट बाहेर यायच्या बेतात होते.

"साक्षीदाराची गरज नाही," मुफ्तीसाहेब म्हणाले. "असा चेहरा ठरवून करता येत नाही. बोला ताई, किती म्हणालात?"

"एकशे नव्वद."

"दोनशे," गुंजभाऊ कसेबसे म्हणाले. निरीक्षकाच्या रक्तात भाव असतोच.

"एकशे नव्वदात गवंड्याचं भागत नाही, ठाऊक आहे मला. एकशे पंच्याण्णव. एक पैसा वर नाही. आणि ते तीनशे ग्रॅम धरायचे नाहीत."

"विकलं," ते म्हणाले. दोन लाख ब्याण्णव हजार पाचशे. बाईंनी मांडीवर लॅपटॉप घेऊन तिथेच रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात टाकली. मग मुफ्तीसाहेब म्हणाले की ताबा मिळाल्याशिवाय पुढे विकता येणार नाही. बायकोने सगळ्यांना, नवऱ्यासकट, दिवाणखान्याबाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. गुंजभाऊ स्वतःच्याच घराच्या जिन्यात, मुफ्तीसाहेबांच्या शेजारी, पायरीवर बसले.

"आता बोला," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "माल माझा आहे. हवाय?"

"एकशे सत्त्याण्णव, काकू?"

"बाजारात आज दोनशे बारा आहे. बाहेर बावन्न माणसं बसलीत म्हणालात ना?"

दोनशे दहाला सौदा झाला. गुंजभाऊंनी पायरीवर बसल्या बसल्या बोटांवर गणित केलं. बावीस हजार पाचशे नफा, पाऊण तासात! चौतीस वर्षं त्यांनी व्यापारी पाहिले होते, पण असा व्यापारी त्यांच्याच घरात जेवत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मुफ्तीसाहेबांनी बाईंना सोमवारी सर्व कागद घेऊन यायला सांगितलं. त्यांचा स्वर ऐकून बाईंनी तीनदा मान हलवली.

हमालांनी साठ लगडी खाली नेल्या, या वेळी मजुरी संस्थेची. गवंड्याला फोन गेला. तो सोमवारी कामाला लागणार होता, पाळणा यायच्या आधी छत पक्कं होणार होतं. दुपारी तीनला घर रिकामं झालं. फरशीवर भिंतींच्या कडेने साठ आयताकृती डाग तेवढे उरले होते आणि बायको ओल्या फडक्याने ते पुसत होती. गुंजभाऊ उभे होते. त्यांना राग यायला हवा होता, पण लाज वाटत होती, अगदी खरीखुरी.

"तुझ्याकडे पैसे होते," ते म्हणाले. "मग छताचं मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, मी बघतो. म्हटलं, बघू द्यावं. आज संध्याकाळी गवंड्याला मी देणारच होते."

"आणि बँकेचं? पैसे काढलेस तेव्हा मला सांगायचं होतंस."

तिने फडकं पिळलं. "सांगितलं होतं. तीनदा. बँकेचं काही खरं दिसत नाही, आपण दोघांचेही काढू, म्हणून. तिन्ही वेळा तुम्ही 'हं' म्हणालात."

गुंजभाऊंनी आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना, आणि त्या न आठवण्यानेच ते मुळापासून हलले. त्यांच्या ओठांवर 'हं' आलं होतं ते त्यांनी गिळलं. मग ते फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."